काट्यावरच्या कॉम्प्युटरची लाल फुली: एकट्या ठेवलेल्या मशीनला नॅस जोडताना

कापसाचा सीझन लागला की हा फोन ठरलेला. "भाऊ, झेड ड्राइव्हवर पुन्हा लाल फुली आली ना! काहून होऊन राह्यलं असं? काल तं चालू होतं." बोलणारा जिनिंगच्या काट्यावर बसणारा पोरगा, आणि त्याच्या मागून दिवाणजींचा आवाज, की दुपारपासूनच्या काटापट्ट्या ऑफिसात आल्याच नाहीत. कोणीतरी येऊन ड्राइव्ह परत जोडून देतो, दोन-चार दिवस बरे जातात आणि मग पुन्हा तेच.

वणी, पांढरकवडा, हिंगणघाट या पट्ट्यातल्या जिनिंगांत जी मांडणी दिसते ती धरून लिहितो. काट्याच्या खोलीत विंडोज ७ चा जुना कॉम्प्युटर, त्याला इंटरनेट मुद्दाम दिलेलं नाही. ऑफिसात दोन डिस्कचं नॅस, म्हणजे नेटवर्कवर सगळ्यांना मिळून वापरता येणारी साठवणीची पेटी. त्या पेटीतला फोल्डर काट्याच्या कॉम्प्युटरवर झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला. काट्याची रोजची फाइल त्या पेटीत पोचली पाहिजे, एवढीच अपेक्षा. दूध संकलन केंद्र, माती परीक्षणाची खोली, तालुक्याच्या दवाखान्यातला एक्स-रेचा कॉम्प्युटर, सगळीकडे गोष्ट थोड्याफार फरकाने हीच असते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ही फुली घालवायची असेल तर ड्राइव्ह कायमचा जोडून ठेवणंच बंद करा. वेळ झाली की जोडायचं, फाइल टाकायची, सोडून द्यायचं. फुली जाते, आणि मशीन सुरक्षित ठेवायचं कामही निम्मं त्यातच होतं. पण त्याआधी दोष नेमका कुठे आहे ते पाहून घ्यावं लागतं, कारण वायरच तुटलेली असेल तर कोणती स्क्रिप्ट काय करणार.

हे मशीन एकटं का ठेवलंय

काट्याचा इंडिकेटर सिरियल पोर्टने वजन पाठवतो. सॉफ्टवेअर जुनं, त्याला मागे लावलेला डोंगल, म्हणजे किल्लीसारखा छोटा खुंटा, लागतो, आणि ज्याने ते बनवलं त्याचा फोन आता लागत नाही. नव्या विंडोजवर ते चालत नाही म्हणून विंडोज ७ धरून ठेवावं लागतं. विंडोज ७ चे मोफत सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाले, त्यामुळे असं मशीन इंटरनेटपासून तोडून ठेवणं हा शहाणपणाच आहे.

गडबड पुढे होते. इंटरनेट नाही म्हणून रोज संध्याकाळी पेनड्राइव्ह फिरतो. तोच पेनड्राइव्ह ऑफिसात, तोच झेरॉक्सच्या दुकानात, तोच घरी. फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसायला लागल्याचा अनुभव आपल्याकडे कोणाला नाही? २०१० साली उघडकीला आलेला स्टक्सनेट हा इंटरनेट नसलेल्या कारखान्यांतल्या मशीनांपर्यंत पोचला तो यूएसबीच्याच वाटेने. म्हणून नॅसला नीट जोडलेला काटा हा पेनड्राइव्ह खुपसणाऱ्या काट्यापेक्षा मला कधीही बरा वाटतो. अट "नीट" या शब्दाची आहे.

आणखी एक चोरवाट आहे ती कोणाच्या डोक्यात येत नाही: मोबाइल चार्जिंग. काट्यावरचा पोरगा दिवसभर तिथेच बसतो, फोन कॉम्प्युटरच्या यूएसबीला लावतो. फोनमध्ये यूएसबी टेदरिंग, म्हणजे फोनचं इंटरनेट केबलने कॉम्प्युटरला देणं, चालू राहिलं, की त्या एकट्या मशीनला सरळ इंटरनेट मिळालं, आणि कोणाला पत्ताही नाही. त्याच्या खुर्चीमागे भिंतीत एक चांगला चार्जर बसवून द्या. सांगून भागत नाही, सोय करून द्यावी लागते.

आधी काय करू नका

लाल फुली दिसली की जे उपाय लोक पटकन करतात ते असे: एसएमबी १ चालू करा, फायरवॉल बंद करा, फोल्डरला "एव्हरीवन" ला फुल कंट्रोल द्या, गेस्ट, म्हणजे बिनपासवर्डचा प्रवेश, चालू ठेवा. यातल्या एखाद्याने कधी फुली जातेही, म्हणून तो उपाय तोंडी पसरत जातो.

एसएमबी ही विंडोजची फाइल शेअर करायची भाषा, आणि १ ही तिची सगळ्यात जुनी आवृत्ती. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय जगभर पसरला तो एसएमबी १ मधल्या छिद्रातून. मायक्रोसॉफ्टने ते छिद्र बुजवणारा अपडेट १४ मार्चलाच दिला होता, पण तो न टाकलेली मशीनं भरपूर होती आणि त्यांत बहुतांश विंडोज ७ चीच होती. विंडोज ७ ला एसएमबी १ ची गरजही नाही, ते २.१ बोलतं. नॅसच्या सेटिंगमध्ये किमान एसएमबी २ ठेवा, कमाल ३ ठेवा, काटा आपोआप २.१ वर जोडला जाईल. कोणी हौसेने किमान ३ करून ठेवलं असेल, तर मात्र विंडोज ७ दारातच अडकेल. अशा वेळी किमान एक पायरी खाली आणायची, दोन नाही. मार्च २०१७ चा तो अपडेट, विंडोज ७ सर्व्हिस पॅक १ साठी केबी४०१२२१२, काट्यावर टाकलेला आहे का तेही याच निमित्ताने पाहून घ्या. नसेल तर मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगवरून चांगल्या मशीनवर उतरवून आणता येतो.

गेस्टचं वेगळं दुखणं आहे. ऑफिसात नवा विंडोज ११ चा लॅपटॉप येतो, प्रो, २४एच२ आवृत्तीचा, आणि त्यावरून बिनपासवर्डचं शेअर, म्हणजे सगळ्यांना मिळून वापरायला दिलेला फोल्डर, उघडतच नाही. ती आवृत्ती गेस्टला नकार देते आणि जोडणीवर सही मागते. मग कोणीतरी लॅपटॉपवरचं संरक्षण उतरवून ठेवतो. त्यापेक्षा नॅसवर प्रत्येकाचं नाव आणि पासवर्ड करायला अर्धा तास लागतो, एकदाच.

फुलीच्या मागे कोणता आकडा आहे ते बघा

फुली नुसती "जोडलेलं नाही" एवढंच सांगते. कारण कळायला कमांड प्रॉम्प्ट उघडून नेट यूज ही शेअर जोडायची कमांड हाताने द्या आणि नॅसचं नाव न घालता आयपी पत्ता घाला. एकट्या नेटवर्कवर नाव ओळखून देणारं कोणी नसतं. आज नाव सापडलं, उद्या नाही, असा खेळ त्यानेच होतो. कमांड चुकली की ती एक आकडा देते, आणि त्या आकड्यावर पुढचं सगळं ठरतं.

५३ आला, किंवा खिडकीत ०x८००७००३५ दिसला, तर नॅसपर्यंत रस्ताच पोचत नाहीये. नॅसच्या पाठीमागे लॅन पोर्टचा दिवा पेटलाय का ते बघा, मग काट्यावर आयपीकॉन्फिग ही पत्ता दाखवणारी कमांड द्या. काट्याचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मशीनला कोणी पत्ता दिलेला नाही आणि त्याने स्वतःच एक घेतलाय. एकट्या मशीनला पत्ता हातानेच बांधून द्यायचा असतो. नॅसचाही बांधलेलाच हवा. पावसाळ्यात राऊटर जळतो, नवा येतो, तो आपल्या मर्जीने पत्ते वाटतो आणि काल शेवटी १० असलेल्या पत्त्यावरचं नॅस आज २३ वर बसतं. काटा मात्र १० चंच दार ठोठावत राहतो.

१३२६ म्हणजे रस्ता आहे, नाव किंवा पासवर्ड चुकतोय. कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जुना पासवर्ड साठवून ठेवलेला असतो, विंडोज तोच पुढे करत राहतं. तिथून ती जुनी नोंद काढून टाका. घड्याळही बघा. नॅस आणि काटा यांच्या वेळेत फार अंतर पडलं, की बरोबर पासवर्डसुद्धा नाकारला जाऊ शकतो. घड्याळाची कहाणी पुढे वेगळी सांगतो, ती सगळ्यात छळणारी आहे.

१२१९ आला तर त्याच नॅसला तुम्ही आधीच दुसऱ्या नावाने जोडलेले आहात. विंडोज एका वेळी एका सर्व्हरला एकाच नावाने बोलतं. हे बहुतेक वेळा घडतं ते असं: कोणीतरी काट्यावरून "जरा बघू" म्हणून अॅडमिनच्या नावाने नॅस उघडलेलं असतं. नेट यूजनेच सगळ्या जोडण्या सोडवा आणि पुन्हा जोडा. आणि काट्यावरून अॅडमिनच्या नावाने नॅस उघडायची सवय मोडा.

आता चौथा प्रकार. आपल्याकडे सगळ्यात जास्त हाच असतो. फुली आहे, पण ड्राइव्हवर दोनदा क्लिक केलं की तो मुकाट उघडतो आणि फुली गायब. म्हणजे वायर ठीक, पासवर्ड ठीक, फक्त वेळ चुकली. लाईन जाते, लाईन येते, दोन्ही मशीनं एकदम सुरू होतात. काट्याचा कॉम्प्युटर चटकन उठतो आणि लॉगिनच्या क्षणी नॅसला हाक मारतो. नॅस डिस्क तपासत उठत असतं, त्याला काही मिनिटं लागतात. हाकेला ओ मिळाली नाही की विंडोज फुली मारून मोकळं. "कुड नॉट रिकनेक्ट ऑल नेटवर्क ड्राइव्हज" हा फुगा कोपऱ्यात येऊन जातो, तोवर बाहेर ट्रॅक्टर उभा असतो, कोण वाचतो? माणूस दोनदा क्लिक करतो, काट्याचं सॉफ्टवेअर करत नाही. ते बॅकअप टाकायला जातं, ड्राइव्ह सापडत नाही, आणि बरीच जुनी सॉफ्टवेअरं अशा वेळी काहीही न बोलता पुढे जातात.

शेअर नॅसवर नसून ऑफिसातल्या एखाद्या विंडोज कॉम्प्युटरवरच असेल, तर लाईन न जाताही फुली येते. १५ मिनिटं काही हालचाल नसली की तो कॉम्प्युटर आपणहून जोडणी सोडतो. त्यात बिघाड काही नाही, पण फोन येतोच.

ड्राइव्ह काढून टाका, स्क्रिप्ट लावा

झेड ड्राइव्हवर उजवं क्लिक करून तो काढून टाका. त्याच्या जागी नोटपॅडमध्ये एक छोटी बॅच फाइल, म्हणजे कमांडी एकापाठोपाठ चालवणारी स्क्रिप्ट. आतल्या कमांडी अर्थातच इंग्रजीत आणि इंग्रजी आकड्यांत लिहायच्या, इथे मी त्या काय करतात ते सांगतो.

पहिल्यांदा नॅसच्या पत्त्याला पिंग, म्हणजे "आहेस का" अशी हाक. पिंगच्या उत्तरात "टीटीएल" ही अक्षरं आहेत का ते फाइंड कमांडने शोधायचं. नुसता पिंगचा निकाल धरू नका, कारण "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल" हे उत्तर आलं तरी पिंग स्वतःला यशस्वी समजतं. टीटीएल नाही सापडलं तर १५ सेकंद थांबून पुन्हा, असं २० वेळा. म्हणजे नॅसला उठायला पाच मिनिटं मिळाली. तरीही नाही उठलं तर लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलीत, तारीख-वेळ लिहून स्क्रिप्ट बंद.

मग नेट यूज, पण ड्राइव्हचं अक्षर न देता थेट शेअरचा पत्ता, नाव आणि पासवर्ड, आणि शेवटी पर्सिस्टंट नो, म्हणजे ही जोडणी लक्षात ठेवू नको. अक्षर न देण्याला कारण आहे. टास्क शेड्युलरमधून, म्हणजे विंडोजच्या ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या सोयीतून, चालणाऱ्या कामाला तुमच्या लॉगिनमधलं झेड ड्राइव्हचं अक्षर दिसेलच असं नाही. "हाताने चालते, आपोआप चालत नाही" ही तक्रार इथून जन्माला येते.

मग रोबोकॉपी, ही फाइली कॉपी करणारी कमांड. विंडोज ७ मध्ये ती आतच असते. तिला दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत: पुन्हा प्रयत्न किती वेळा, आणि मध्ये थांबायचं किती. न सांगितलं तर ती अडलेल्या एकेका फाइलवर दहा लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी ३० सेकंद थांबून. आर २ आणि डब्ल्यू ५ पुरे. सगळे आतले फोल्डर घ्यायला ई. मिरर करणारा एमआयआर वापरू नका. इकडची फाइल चुकून उडाली की तो तिकडचीही उडवतो, आणि मग तो बॅकअप कसला.

शेवटी पुन्हा नेट यूज, डिलीटसह, जोडणी सोडायला. लॉग फाइल काट्याच्याच डिस्कवर ठेवा.

टास्क शेड्युलरमध्ये ही स्क्रिप्ट दुपारी जेवणाच्या वेळेला आणि काटा बंद झाल्यावर लावा. एक गंमत सांगून ठेवतो: रोबोकॉपीने फाइल यशस्वीपणे नेली की ती १ हा निकाल देते, आणि स्क्रिप्टने शेवटी तोच निकाल पुढे दिला तर शेड्युलरमध्ये तो ०x१ असा दिसतो. बघणाऱ्याला वाटतं बिघडलं. ८ च्या खालचे सगळे आकडे ठीक, ८ आणि त्यापुढे काळजी.

लॉगमध्ये एरर ३२ दिसला तर काट्याचं सॉफ्टवेअर उघडं आहे आणि त्याने डेटाबेसची फाइल धरून ठेवली आहे. उघड्या डेटाबेसची कॉपी मिळाली तरी तिच्यावर विसंबू नये, अर्धवट निघू शकते. सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचं बॅकअपचं बटण असेल तर त्याने बनवलेली फाइल न्या, नसेल तर सॉफ्टवेअर बंद झाल्यानंतरचीच वेळ धरा.

आता सुरक्षेचा भाग. फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारे व्हायरस जोडलेला प्रत्येक ड्राइव्ह गाठत जातात. कायम लटकलेला झेड त्यांना आयता मिळतो. दिवसातून दोनदा काही सेकंद उघडणारं दार तेवढं आयतं नाही. पण हे पूर्ण संरक्षण नव्हे, कारण पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहिलेला आहे आणि मशीनवर बसलेल्याला तो वाचता येतो. म्हणून नॅसवर काट्यासाठी वेगळं नाव करा, त्याला फक्त काट्याच्या एकाच फोल्डरमध्ये जागा द्या, दुसरा फोल्डर दिसूही देऊ नका. आणि त्या फोल्डरचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या वेळच्या फाइलींची जपून ठेवलेली अवस्था, नॅसवर चालू करा, रोज एक, निदान महिनाभराचे. स्नॅपशॉट काट्याच्या नावाला पुसता येत नाहीत. उद्या काट्यावरून सगळ्या फाइली खराब होऊन आल्या तरी परवाचा स्नॅपशॉट तिथेच असतो. नॅसमध्ये ती सोय नसेल, तर रात्री नॅसनेच तो फोल्डर दुसऱ्या, काट्याला न दिसणाऱ्या फोल्डरमध्ये कॉपी करून घ्यावा, तारखेच्या नावाने.

उलट दिशेलाही काही पाठवायचं असतं, पार्टीची यादी वगैरे. त्यासाठी वेगळा फोल्डर, काट्याला फक्त वाचायची परवानगी. काट्याच्या कॉम्प्युटरवर मात्र कोणतंही शेअर उघडू नका. लॅन कार्डच्या प्रॉपर्टीजमध्ये "क्लायंट फॉर मायक्रोसॉफ्ट नेटवर्क्स" ची खूण राहू द्या, त्याखालची "फाइल अँड प्रिंटर शेअरिंग" ची काढून टाका. त्याला बाहेर जाऊन फाइल टाकायची आहे, त्याच्याकडे कोणी यायचं नाही.

तार वेगळी, पत्ता वेगळा

"गेटवे रिकामा ठेवला, झालं एकटं" असं समजणारे खूप भेटतात. गेटवे म्हणजे बाहेर जायच्या दाराचा पत्ता. तो रिकामा ठेवल्याने आयपीव्ही४ वरून, म्हणजे नेहमीच्या पत्त्यांवरून, इंटरनेटवर जाता येत नाही, एवढंच. त्याच स्विचवर असलेला ऑफिसातला व्हायरसवाला लॅपटॉप काट्याला सरळ गाठू शकतो. शिवाय आजकालचे फायबरचे राऊटर आयपीव्ही६ चे, म्हणजे नव्या पद्धतीचे, पत्तेसुद्धा वाटतात, आणि काट्यावर आयपीव्ही६ ची खूण असेल तर तो त्या वाटेने आपोआप इंटरनेटवर जातो, गेटवे रिकामा असूनही. ती खूण काढा.

मला सगळ्यात पटलेली मांडणी दोन लॅन पोर्टच्या नॅसची. पहिला पोर्ट ऑफिसच्या स्विचला, १९२.१६८.१ च्या घरात. दुसऱ्या पोर्टमधून तार सरळ काट्याकडे, मध्ये राऊटर नाही. दुसऱ्या पोर्टला १९२.१६८.५०.२, काट्याला १९२.१६८.५०.१०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा, डीएनएस रिकामा. दोन्ही पोर्ट नॅसमध्ये एकत्र बांधू नका आणि एकाकडून दुसरीकडे ट्रॅफिक पाठवायची सोय बंद ठेवा. नॅसच्या फायरवॉलमध्ये दुसऱ्या पोर्टवर फक्त १९२.१६८.५०.१० हा पत्ता, आणि त्याच्याकडून फक्त पिंग आणि ४४५ हा एसएमबीचा पोर्ट येऊ द्या. नॅसचं अॅडमिनचं पान त्या बाजूने उघडताच कामा नये.

नॅसला एकच पोर्ट असेल तर व्हीलॅन करणारा, म्हणजे एकाच डब्यात दोन वेगळी नेटवर्क ठेवणारा, छोटा स्विच घ्या आणि मधे फायरवॉलचा नियम लावा. खर्च थोडा वाढतो, काम तेच होतं.

अशा जोडणीवर विंडोज ७ नेटवर्कला "अनआयडेंटिफाइड" म्हणतं आणि पब्लिक ठरवतं, कारण गेटवे नाही. ते पाहून घाबरू नका आणि प्रायव्हेट करायच्या मागेही लागू नका. पब्लिकमध्ये बाहेरून येणाऱ्याला अटकाव असतो, आपल्याला बाहेर जाऊन फाइल टाकायला अडचण नसते. आपल्याला हवं ते आयतंच मिळालं.

काटा गेटजवळ आणि ऑफिस आतमध्ये, मध्ये कापसाचं मोकळं मैदान. तांब्याच्या लॅन केबलची हद्द १०० मीटर. त्यापुढे ती कधी चालते, कधी नाही, आणि अशी अधूनमधून तुटणारी जोडणी पार वायरीपर्यंत शोधायला कोणी जात नाही. पण अंतर कमी असलं तरी मैदानातून तांबं नेऊ नये असंच मी सांगेन. मेच्या शेवटी वळवाच्या पावसापासून विजा सुरू होतात. वीज लांब कुठे पडली तरी उघड्यावरच्या केबलमध्ये झटका येतो आणि दोन्ही टोकांचे पोर्ट जातात. मग नॅसचाच पोर्ट गेला की रडायची पाळी. ऑप्टिकल फायबर टाका, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि लॅन केबल जोडून देणारा डबा. काचेतून वीज वाहत नाही. जमिनीखालून जाड पाइपातून न्या, नाहीतर ट्रॉलीचं चाक आणि घुशी या दोघांपैकी कोणीतरी पोचतंच.

घड्याळ

सगळं चालतंय, फुली नाही, लॉगमध्ये चूक नाही, आणि तरी ऑफिसात नव्या काटापट्ट्या नाहीत. हे कोडं पडलं तर आधी काट्याच्या कॉम्प्युटरची तारीख बघा.

मदरबोर्डवर सीआर२०३२ हा बटणाएवढा सेल असतो. तो संपला की लाईन गेल्यावर मशीनची तारीख कितीतरी वर्षं मागे जाते. एकट्या मशीनला इंटरनेटवरून वेळ मिळत नाही, म्हणून ती मागेच राहते. स्क्रिप्टमध्ये कोणी रोबोकॉपीला "जुन्या फाइली नेऊ नको" म्हणणारा एक्सओ हा पर्याय दिलेला असेल, तर आज बनलेली फाइल तिला नॅसवरच्या कालच्या फाइलपेक्षा जुनी वाटते. ती गुपचूप वगळते आणि निकाल शून्य देते, सगळं ठीक असल्याचा. म्हणून एक्सओ काढून टाका. तो नसला की रोबोकॉपी वेगळी दिसणारी फाइल नेते, तारीख मागची असो की पुढची.

काटापट्टीवर चुकीची तारीख छापली गेली तर शेतकऱ्याशी आणि व्यापाऱ्याशी होणारा वाद वेगळाच. सेल अगदी स्वस्त, दसऱ्याआधी बदलून टाका. वेळ नॅसकडून घेता येते, बहुतेक नॅसमध्ये एनटीपी सर्व्हरची, म्हणजे दुसऱ्या मशीनांना वेळ सांगायची, सोय असते. ती चालू करा, काट्यावर इंटरनेट टाइमच्या जागी नॅसचा पत्ता घाला आणि दुसऱ्या पोर्टच्या फायरवॉलमध्ये यूडीपी १२३ उघडा. पण तारीख फार मागे गेलेली असेल तर विंडोज एवढी मोठी दुरुस्ती आपणहून करायला तयार होत नाही, म्हणून पहिल्यांदा हाताने तारीख बरोबर करा.

एक्सपी असेल तर

काही काट्यांवर अजून एक्सपी आहे. एक्सपीला एसएमबी १ शिवाय दुसरं काही बोलता येत नाही, रोबोकॉपीही आत नाही. त्याच्यासाठी नॅसवर एसएमबी १ उघडणं म्हणजे सगळ्या ऑफिसचं दार उघडं टाकणं. सॉफ्टवेअर विंडोज ७ वर चालतंय का ते आधी पाहा, बरीच चालतात. खरंच चालत नसेल तर मधे एक छोटा लिनक्स कॉम्प्युटर ठेवावा लागतो, दोन लॅन कार्डांचा. सांबा म्हणजे लिनक्सवर एसएमबी बोलणारं सॉफ्टवेअर. त्याने ४.११ आवृत्तीपासून एसएमबी १ मुळात बंद ठेवलंय, ते फक्त एक्सपीकडच्या कार्डावर मुद्दाम चालू करायचं. आलेली फाइल त्या लिनक्सनेच दुसऱ्या कार्डावरून नॅसला द्यायची. हे काम येणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या.

तपासून घ्या

स्क्रिप्ट लावली आणि निघालो असं करू नका. नॅसची तार काढून स्क्रिप्ट चालवा, लॉगमध्ये नोंद येते का बघा. मग काट्याच्या खोलीचा आणि ऑफिसचा मेन स्विच एकदम बंद करून चालू करा, लाईन गेल्यासारखं. काटा उठला की लगेच स्क्रिप्ट चालवा, पाच-सात मिनिटांनी फाइल पोचली पाहिजे. आणि नॅसवर आलेली फाइल ऑफिसच्या मशीनवर खरंच उघडून त्यातली शेवटची काटापट्टी छापील पट्टीशी जुळवा. तीन गोष्टी जुळल्या तर दिवाणजींना सांगायला हरकत नाही.

लॉग बघायचं काम कोणाचं, तेही त्याच वेळी ठरवा. दिवाणजींनाच सांगा: नॅसवरच्या फाइलची तारीख रोज सकाळी बघायची, आजची किंवा कालची नसेल तर फोन करायचा. फुली दिसणार नाही, म्हणून बिघाडही दिसणार नाही, हा या पद्धतीचा एक तोटा आहे आणि तो माणसानेच भरून काढावा लागतो.

हे सगळं करूनही ५३ येत असेल आणि तो फक्त दुपारीच येत असेल, तर हात लावून बघायची गोष्ट एकच उरते. काट्याची खोली टिनाची असते. फेब्रुवारी-मार्चपासूनच ती तापते, एप्रिल-मेमध्ये बाहेर ४५ असताना आतलं विचारूच नका. साधे स्विच आणि मीडिया कन्व्हर्टर बहुधा ४० अंशांपर्यंतच चालायचे म्हणून बनवलेले असतात, त्यात जाळ्यांमध्ये रुईची धूळ गच्च बसलेली. तो डबा खिडकीच्या उन्हातून आणि इन्व्हर्टरच्या डोक्यावरून खाली आणा, ब्रशने झाडा, भिंतीला मोकळ्या हवेत टांगा. दुपारचा ५३ बंद झाला तर नवा घ्यायची गरज नाही. नाही झाला तर औद्योगिक वापराचा, जास्त तापमान सोसणारा कन्व्हर्टर मागवा, तोही दोन्ही टोकांना नको, फक्त काट्याच्या खोलीसाठी.